ओटीपी नवऱ्याच्या फोनवर

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या लाभार्थींना ई-केवायसी करायला सांगितलं. संकेतस्थळावर बाईने आधी स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, आपल्या फोनवर आलेला ओटीपी भरायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या फोनवर गेलेला ओटीपी भरायचा. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का हे तपासायचं होतं, म्हणून दुसरा आधार मागितला, इथवर समजू शकतं. पण ज्या विधवेचे वडीलही हयात नाहीत तिने काय भरायचं? नवऱ्याने टाकलेल्या बाईने ओटीपी मागायला त्याच्याच दारात जायचं? योजनेच्या पात्रतेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार स्त्रिया स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या आहेत. फॉर्ममध्ये मात्र त्यांना जागा नव्हती. ओरड झाली, १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरवर गेली आणि अशा स्त्रियांनी आपली कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत अशी वाट काढण्यात आली. डिजिटल प्रक्रियेतून जे निसटलं ते शेवटी कागदावर, आणि दुसऱ्या एका बाईच्याच डोक्यावर आलं.

हा फॉर्म बांधणाऱ्याला प्रोग्रामिंग येत नव्हतं असं नाही. फॉर्म सांगितल्याप्रमाणेच चालत होता. चूक त्याच्या आधी, कुठल्यातरी बैठकीत झाली होती. बाई म्हटली की तिच्यामागे एक पुरुष आणि त्याचा चालू फोन असणारच, हे तिथे कोणी बोलूनही दाखवलं नसेल, इतकं ते सगळ्यांनी धरून चाललेलं असणार. डिजिटल तंत्रज्ञानातल्या स्त्री-पुरुष समानतेचा विषय निघाला की आपल्याकडे आठ मार्चचा कार्यक्रम, गुलाबी फलक आणि 'मुलींनो, कोडिंग शिका' असा उपदेश सुरू होतो. मुली कोडिंग केव्हाच शिकल्या. त्या बैठकीपर्यंत त्या पोहोचत नाहीत, आणि न पोहोचण्याची कारणं त्यांच्या मनापेक्षा संस्थांच्या नियमांत, वेळापत्रकांत आणि पैशाच्या वाटपात जास्त आहेत. ती भाषणांनी हलत नाहीत. अनुदानाच्या अटी बदलल्या तर हलतील.

इथे कोणी लगेच म्हणेल की त्या खात्याच्या मंत्री तर स्त्रीच होत्या. बरोबर आहे, आणि म्हणूनच वरच्या खुर्चीत एक स्त्री बसली की काम झालं असं मला वाटत नाही. मंत्र्यांपुढे येतो तो शिजवून वाढलेला प्रस्ताव. गृहीतकं त्याच्या कितीतरी आधी पक्की झालेली असतात: गरजा लिहून काढणाऱ्या सल्लागाराकडे, स्क्रीन आखणाऱ्याकडे, चाचणी कोणावर करायची हे ठरवणाऱ्याकडे. संशोधन आणि नवनिर्मिती हे शब्द भारदस्त वाटतात, पण त्यांचं रोजचं काम हेच असतं: कोणत्या अडचणीला प्रश्न म्हणायचं आणि कोणतीकडे काणाडोळा करायचा.

अंगणवाडीचं उदाहरण तर याहून जुनं आहे. २०१९ च्या सुमारास राज्यातल्या सेविकांना सरकारी मोबाइल मिळाले. मार्च २०२१ मध्ये केंद्राने 'पोषण ट्रॅकर' हे नवं ॲप आणलं. दोन जीबी रॅमच्या त्या फोनना ते पेलवेना. फोन तापायचे, अडकायचे, बंद पडायचे. वॉरंटी संपलेली, दुरुस्ती पदरमोड करून. त्यात नावं इंग्रजीत भरायची. ज्या बाईने आयुष्यभर मराठीत रजिस्टर चोख ठेवलं तिला मुलांची नावं रोमन लिपीत टंकायला लावायचं, आणि चुकलं तर मानधन कापण्याची भीती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं. त्या आंदोलनाची बातमी तेव्हा 'मानधनवाढीची मागणी' या नेहमीच्या खणात टाकली गेली. खरं तर आपल्या राज्यात एखाद्या सॉफ्टवेअरचं वापरकर्त्यांनी सामूहिकपणे केलेलं एवढं मोठं परीक्षण क्वचितच झालं असेल. कोणत्याही कंपनीने असा अभिप्राय मिळवायला पैसे मोजले असते. इथे तो फुकट मिळाला आणि त्याची नोंद शिस्तभंग म्हणून झाली.

पुढचा टप्पा चेहरा ओळखण्याचा. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी आईच्या चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, मग फोनसमोर चेहरा. आधारला जोडलेला नंबर बऱ्याच घरांत नवऱ्याचा, आणि नवरा कामावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरतात असा मोबाइल होता, आणि कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया एकतृतीयांश. हे आकडे सरकारचेच आहेत. ज्या मंत्रालयाच्या ॲपला ते लागू पडतात त्यांनी ते समोर ठेवून ॲप आखायचं ही अपेक्षा काही फार मोठी नाही.

मग स्त्रिया या क्षेत्रात येतच नाहीत का? इथे भारताची गोष्ट अमेरिकेपेक्षा पूर्ण वेगळी आहे, आणि आपले लेख-भाषणं बरेचदा अमेरिकेचीच गोष्ट आपली म्हणून सांगतात. तिकडे १९४६ मध्ये एनिॲक या सुरुवातीच्या संगणकाचे पहिले प्रोग्रामर सहा स्त्रिया होत्या, कारण ते काम कारकुनी समजलं जाई. पुढे त्याला मान आणि पैसा आला तसे पुरुष आले. संगणकशास्त्राच्या पदव्यांमधलं स्त्रियांचं प्रमाण तिथे १९८४ मध्ये ३७ टक्क्यांपर्यंत चढलं आणि नंतर १८ टक्क्यांच्या आसपास उतरलं. संगणक म्हणजे मुलांचं खेळणं, अंधाऱ्या खोलीत एकट्याने बसून चालवायचं, अशी तिथली प्रतिमा झाली.

आपल्याकडे ती प्रतिमा कधी रुजलीच नाही. उलट नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय बापाला संगणक हा मुलीसाठी सगळ्यात निर्धोक पर्याय वाटला. मेकॅनिकलला गेली तर वर्कशॉप, सिव्हिलला गेली तर साइट. कम्प्युटरला गेली तर एसी, खुर्ची, कंपनीची बस. बैठं काम, स्वच्छ काम, आणि लग्नाच्या बाजारात वजन. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये कर्वेनगरला मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं, आज ते कमिन्स म्हणून ओळखलं जातं. मुंबईत एसएनडीटीने १९९७ मध्ये जुहूला तंत्रज्ञानाची संस्था उभी केली. १८९६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी जो आश्रम काढला त्याची शाखा शंभर वर्षांच्या आत मायक्रोप्रोसेसर शिकवू लागली, हे महाराष्ट्राने अभिमानाने सांगावं असंच आहे. आज देशातल्या विज्ञान शाखेत मुली मुलांपेक्षा जास्त आहेत: उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीत २०२१-२२ साली ५७ लाखांपैकी जवळजवळ ३० लाख. अभियांत्रिकीच्या पदवीला दहांत सुमारे तीन मुली, संगणक शाखेत त्याहून अधिक. आयटी कंपन्यांत तीनातली एक कर्मचारी स्त्री.

म्हणजे दार उघडं आहे, मुली आत आहेत. मग संशोधनाच्या आकड्यांकडे पाहा. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या हिशेबाप्रमाणे २०१८ मध्ये देशात संशोधन-विकासाचं प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत स्त्रिया होत्या १६.६ टक्के. नंतरच्या पाहणीत हा आकडा १८ च्या वर सरकला. जगाची सरासरी एकतृतीयांशाच्या आसपास आहे. वर्गात निम्म्या, नोकरीत एकतृतीयांश, प्रयोगशाळेत सहावा हिस्सा. ज्या देशात मुलींना विज्ञानाची आवड नाही असं म्हणायची सोयच उरलेली नाही, त्या देशात ही उतरंड आवडीने समजावून सांगता येत नाही. बापाने जे गणित मांडून मुलीला कम्प्युटरला घातलं तेच गणित इथे उलटं फिरतं. सुरक्षित, बैठी, वेळेवर घरी आणणारी नोकरी म्हणून जी वाट निवडली, ती संशोधनाकडे वळली की असुरक्षित, बेभरवशाची आणि लांबलचक होते. बीई झालेल्या मुलीला चार महिन्यांत पगार सुरू होतो. पीएचडी म्हणजे आणखी पाच-सहा वर्षं, वयाची तिशी, आणि 'अजून शिकतेच आहे का?' हा नातेवाइकांचा प्रश्न.

गळती सुरू होते ती प्रवेशापासून. आयआयटीत २०१८ पूर्वी बीटेकच्या जागांवर मुली होत्या ८-९ टक्के. गणित न येणारी अर्धी लोकसंख्या कुठल्याच देशात नसते. कारण दुसरीकडे होतं. कोचिंगसाठी कोटा शहरात किंवा लातूरला दोन वर्षं खोली घेऊन ठेवायचं, पहिल्या वर्षी जमलं नाही तर एक वर्ष आणखी 'ड्रॉप' घ्यायचा, हे मुलासाठी गुंतवणूक असतं आणि मुलीसाठी उधळपट्टी. आयआयटी मंडीचे तेव्हाचे संचालक टिमथी गोन्साल्विस यांच्या समितीच्या शिफारशीवरून २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा आल्या: त्या वर्षी १४ टक्के, मग १७, आणि २०२० मध्ये २० टक्क्यांचं उद्दिष्ट. जागा वाढवून दिल्या होत्या, मुलांच्या जागा घेऊन नव्हे, आणि जेईई ॲडव्हान्स्ड पात्र व्हावंच लागत होतं. तरी 'गुणवत्तेचं काय?' ही हाकाटी झालीच. दोनच वर्षांत प्रमाण दुपटीवर गेलं, म्हणजे मुली कधीपासून पात्र यादीत होत्या. फक्त आपल्या शहराजवळच्या कॉलेजात जात होत्या. मला या योजनेतली खटकणारी गोष्ट वेगळी आहे. २० टक्के हा पहिला मुक्काम ठरायला हवा होता. त्यानंतर प्रमाण तिथेच घुटमळतं आहे, आणि आता कोणाला त्याची घाई दिसत नाही.

गुणवत्तेचा मुद्दा काढणाऱ्यांना कमला सोहोनींची आठवण करून द्यावी लागते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिली आलेली ही मुलगी, तेव्हाची कमला भागवत, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली तेव्हा सी. व्ही. रामन यांनी तिला स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही, तेव्हा वर्षभर तपासून पाहू या अटीवर आत घेतलं. सहा वर्षांनी केंब्रिजची पीएचडी घेऊन ती मोकळी झाली. रामन यांच्या गुणवत्तेबद्दल कोणालाच शंका नाही. गुणवत्ता ओळखण्याच्या त्यांच्या क्षमतेला मात्र त्या एका बाबतीत मर्यादा होती. नोबेल विजेत्याला जे दिसलं नाही ते एखाद्या निवड समितीला आपोआप दिसेल असं धरून चालायचं कारण नाही.

पीएचडीच्या टप्प्यावर नियम दिसायला चांगले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये स्त्री संशोधकांना पीएचडीच्या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा आणि जास्तीत जास्त मुदतीवर दोन वर्षांची सवलत दिली. कागदावर याहून बरं काय असणार? पण रजा संपून परत आल्यावर काय होतं ते पाहा. स्वतःची फेलोशिप असेल तर निभावतं. प्रकल्पातल्या जागेवर असेल, तर रजा तिची, पण प्रकल्पाची तारीख सरकारची. प्रकल्प संपला की तिचा पगारही संपतो. मार्गदर्शकाला वर्षाला इतके शोधनिबंध दाखवायचे असतात, त्यामुळे पुढच्या वेळी उमेदवार निवडताना तो 'लग्न झालंय का?' असं तोंडाने विचारत नाही, मनात विचारतो. अशा मार्गदर्शकाला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. त्याच्या अनुदानात कोणी रजेवर गेल्यास बदली माणसाची तरतूद केली, तर त्याच्या मनातला प्रश्न बराचसा आपोआप मावळेल. जगात अनेक ठिकाणी हे होतं, आणि त्याला क्रांती लागत नाही, एक ओळ लागते.

संगणकशास्त्रात आणखी एक गंमत आहे. हे शास्त्र परिषदांवर चालतं. जर्नलपेक्षा मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध लागणं जास्त मोलाचं, आणि परिषद अमुक तारखेला अमुक शहरात. निबंध पाठवायची शेवटची वेळ जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातली मध्यरात्र असते. चार महिन्यांचं बाळ मांडीवर असताना व्हिसा, विमान, पाच दिवस परदेश हे कोणाला जमणार? काही परिषदा आता पाळणाघर आणि मुलांसह येणाऱ्यांना मदत देतात. आपल्याकडच्या प्रवास अनुदानात मात्र बाळासोबत येणाऱ्या आजीचं तिकीट बसत नाही. बसवायला हरकत काय आहे, हे मला कोणी अजून समजावून सांगितलेलं नाही.

आणि रात्रीचं फाटक. २०१५ मध्ये दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी 'पिंजरा तोड' म्हणून वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांना तो दिल्लीचा उठवळपणा वाटला. महाराष्ट्रातल्या कित्येक अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुलींचं वसतिगृह मुलांच्या आधी बंद होतं. कोणी म्हणेल, संगणकाचं काम तर लॅपटॉपवर खोलीतूनही होतं, सर्व्हरला दूरवरून जोडता येतं. सर्व्हरला जोडता येतं हो. पण संशोधन म्हणजे सर्व्हर नव्हे. रात्री अकराला प्रयोग फसला, मग चौघं टपरीवर चहाला गेली, तिथे कोणीतरी 'असं करून पाहिलं तर?' म्हणालं आणि सकाळी नवा निबंध सुरू झाला. त्या निबंधावर चौघांची नावं येतात. साडेनऊला फाटकाच्या आत गेलेल्या पाचवीचं येत नाही. याची नोंद कुठल्याच पाहणीत होत नाही, कारण तिला कोणी हाकललेलं नसतं. तिच्या सुरक्षिततेची काळजीच घेतलेली असते.

बाजारातल्या नवनिर्मितीचं चित्रही वेगळं नाही. अमेरिकेत फक्त स्त्रियांनी काढलेल्या कंपन्यांना उद्यम भांडवलातला (नव्या कंपन्यांत गुंतवल्या जाणाऱ्या पैशातला) वाटा दोन टक्क्यांच्या आसपास मिळतो आणि वर्षानुवर्षं तो तिथेच आहे. भांडवल ओळखीच्या चेहऱ्याकडे जातं. त्याला जातही असते, शाळाही असते, आणि लिंगही असतं.

हे सगळं स्त्रियांच्या न्याय्य वाट्यापुरतं असतं तरी पुरेसं होतं. पण वाट्याबरोबर वस्तूही बदलते. २०१४ मध्ये ॲपलने आयफोनमध्ये आरोग्याचं ॲप दिलं. त्यात खाण्यातल्या सोडियमपासून दम्याच्या औषधापर्यंत सगळं नोंदवता येत होतं, मासिक पाळी सोडून. पुढच्या वर्षी ती आली. ॲमेझॉनने २०१४ पासून नोकरीचे अर्ज चाळणारं एक यंत्र बनवायला घेतलं. दहा वर्षांचे जुने अर्ज त्याला शिकवले, जे बहुतेक पुरुषांचे होते. यंत्राने निष्कर्ष काढला तो सरळ होता. अर्जात 'महिला' शब्द आला, म्हणजे महिला बुद्धिबळ संघाची कर्णधार वगैरे, की गुण कमी. दोन महिला महाविद्यालयांतल्या पदवीधरांनाही त्याने खाली ढकललं. हे २०१८ मध्ये रॉयटर्सने उघड केलं; तोवर कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला होता. कर्वेनगरच्या किंवा जुहूच्या मुलींच्या कॉलेजातून निघालेल्या अर्जाचं अशा यंत्रापुढे काय झालं असतं, हा आपल्याकडच्या हजारो मुलींच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. अर्ज चाळणारी यंत्रं आता भारतीय कंपन्याही वापरतात. त्यांना कोणते जुने अर्ज शिकवले, हे विचारण्याचा अधिकार उमेदवाराला नाही.

त्याच वर्षी, २०१८ मध्ये, जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोन संशोधिकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणारी तीन व्यापारी सॉफ्टवेअरं तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. निबंध आल्यावर कंपन्यांनी आपली सॉफ्टवेअरं सुधारली. मला या गोष्टीत आकड्यांपेक्षा हा शेवट महत्त्वाचा वाटतो. दोष दूर करणं कठीण नव्हतं, तो आहे का हे कोणी पाहिलंच नव्हतं. आणि पाहिलं ते अशा संशोधिकेने, जिचा स्वतःचा चेहरा यंत्राला सापडत नव्हता. आता पुन्हा अंगणवाडीच्या दारात फोनसमोर चेहरा धरून उभ्या असलेल्या गरोदर बाईकडे या. गरोदरपणात चेहऱ्यावर सूज येते, वांग पडतात. आधारवरचा फोटो कित्येक वर्षांपूर्वीचा. तिच्यासारख्या चेहऱ्यांवर यंत्र किती वेळा चुकतं, याचे आकडे ॲप सक्तीचं करण्याआधी प्रसिद्ध व्हायला हवे होते.

मराठी भाषांतर करणारी यंत्रंही याच रांगेतली. मराठीत क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं, इंग्रजीत सांगत नाही. त्यामुळे एखाद्या स्त्रीने इंग्रजीत लिहिलेला अर्ज यंत्रातून मराठीत आला की ती वारंवार 'मी गेलो', 'मी केलं आणि परत आलो' असं बोलू लागते. केंद्राने २०२२ मध्ये 'भाषिणी' सुरू केलं, सरकारी सेवा भारतीय भाषांत यंत्राकरवी देण्याचा मोठा घाट घातला आहे. तक्रार नोंदवणारी बाई तिथे पुरुष होऊन बोलणार असेल, तर मराठीसाठी या दोषाचं मोजमाप ठरवून व्हायला हवं.

आता एक अडचणीचा मुद्दा. 'स्त्रिया' म्हणताना आपण कोणाला मोजतो? पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरातल्या मुलींनी प्रयोगशाळेतला टक्का भरून काढला तर आकडा सुधारेल, बैठकीतली गृहीतकं फारशी बदलणार नाहीत. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांतल्या मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय उत्तम आहे, कोणी काही म्हणो. पण हिंगोलीच्या मुलीला पुण्यात राहायला खोली आणि जेवायला मेस लागते, आणि तिथेच तिचं शिक्षण अडतं. पीएचडीला गेली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपा आहेत. त्यांसाठी आझाद मैदानावर बसलेले संशोधक विद्यार्थी आपण पाहिले आहेत. ज्या घरात मागे पैसा नाही त्या घरातली मुलगी थकलेल्या फेलोशिपची वाट पाहत संशोधन करत नाही. ती नोकरी धरते. मग आपण म्हणतो, मुलींना संशोधनाची आवड नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. खंड पडलेल्या स्त्री वैज्ञानिकांना परत आणणाऱ्या योजना बऱ्याच वर्षांपासून आहेत आणि त्यांनी कित्येकींना हात दिला आहे. पण त्यांच्यामागचा विचार असा, की बाई बाहेर पडली, तिला मदत करून आत आणू. ती बाहेर का पडली हे विचारणारा कार्यक्रम त्या मानाने अलीकडचा. २८ फेब्रुवारी २०२० ला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, 'गती' जाहीर झाला. ब्रिटनमधल्या अथेना स्वान या २००५ पासूनच्या, संस्थांमधल्या स्त्री-पुरुष समानतेच्या सनदेवर बेतलेला, तीस संस्थांत प्रायोगिक. संस्थेने स्वतःची झाडाझडती घ्यायची: किती स्त्रिया नेमल्या, किती बढत्या दिल्या, किती सोडून गेल्या, का गेल्या. कल्पना अगदी योग्य. फक्त ऐच्छिक. ज्या संस्थेला स्वतःकडे पाहायचं नाही तिने पाहिलं नाही तरी तिचा एक रुपया कमी होत नाही.

युरोपने हाच दोर आवळला. 'होरायझन युरोप' या त्यांच्या संशोधन निधीतून पैसे हवे असतील तर विद्यापीठ, संशोधन संस्था किंवा सरकारी संस्थेकडे २०२२ पासून लेखी समानता आराखडा असावाच लागतो. तो जाहीर केलेला हवा, त्यासाठी माणूस आणि पैसा नेमलेला हवा, दरवर्षी आकडे गोळा करायला हवेत. नसेल तर अर्जच बाद. यामुळे युरोपात स्वर्ग उतरला असं नाही. कित्येक आराखडे सल्लागारांनी साच्यातून काढलेले असतात. पण कागदी आराखड्यालाही दरवर्षी खरे आकडे छापावे लागतात, आणि छापलेल्या आकड्यावरून भांडता येतं. आपल्याकडे भांडायलाच काही हाती नसतं. एखाद्या संगणकशास्त्र विभागात दहा वर्षांत किती मुलींनी पीएचडीला नाव घातलं आणि किती पूर्ण करून बाहेर पडल्या, हा साधा आकडा मिळवायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायची वेळ येते.

आणि नेमक्या याच काळात मोठ्या थैल्या सुटताहेत. २०२३ च्या कायद्याने संशोधनाला निधी देणारं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय मोहिमेला दहा हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर झाली. जुलै २०२५ मध्ये खासगी संशोधनासाठी एक लाख कोटींच्या निधीला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. अटी लिहायच्या त्या आत्ता, थैली उघडताना. पैसे वाटून झाल्यावर लिहिलेल्या अटीला परिपत्रक म्हणतात आणि ते फायलीत जातं. संस्थेने आराखडा आणि आकडे दिल्याशिवाय अनुदान नाही, प्रत्येक प्रकल्पात रजेवर गेलेल्या संशोधकाच्या बदलीची तरतूद, आणि माणसांवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्रासाठी स्त्रिया आणि पुरुषांच्या चुकांचे वेगवेगळे आकडे, एवढं जरी अर्जाच्या नमुन्यात छापलं तरी मार्गदर्शकांच्या सवयी दोन-तीन अनुदान-फेऱ्यांत बदलतील. माणसं मूल्यांसाठी हळू बदलतात, अनुदानासाठी चटकन. यात मला काही वाईट दिसत नाही.

राज्य सरकारपुरतं बोलायचं तर मंत्रालयातून निघणाऱ्या सॉफ्टवेअरच्या निविदांमध्ये रॅम किती, सर्व्हर कुठला, सुरक्षिततेचं प्रमाणपत्र कोणतं हे पानंच्या पानं लिहिलेलं असतं. त्यात आणखी एक कलम घालावं: स्त्रियांनी वापरायचं ॲप राज्यात लागू करण्याआधी किमान एका आदिवासी, एका ग्रामीण आणि एका शहरी प्रकल्पात, ज्या स्त्रिया ते वापरणार त्यांच्याच फोनवर चालवून पाहायचं, आणि त्यांनी सांगितलेले दोष दुरुस्त केल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता सोडायचा नाही. चाचणीत विधवा, एकट्या राहणाऱ्या आणि स्वतःचा फोन नसलेल्या स्त्रिया असल्याच पाहिजेत, हेही त्यातच लिहावं. आणि चाचणीला बोलावलेल्या सेविकेला त्या दिवसाचा भत्ता ठेकेदाराने द्यावा, कारण ती तिथे प्रशिक्षणार्थी म्हणून आलेली नसेल. ती सल्लागार असेल, आणि सल्लागाराचे दर शासनाच्या तक्त्यात आधीच ठरलेले आहेत.